दोनमिनिट्यांच्या दुकानातली वेल

त्यांचं खरं आडनाव गल्लीत कोणालाही विचारा, सांगता यायचं नाही. सगळे त्यांना दोनमिनिटे म्हणतात. केस कापायचं दुकान आहे त्यांचं. एकटेच काम करतात, पण खुर्च्या दोन. एका खुर्चीवरच्या माणसाच्या दाढीला साबण फासून ठेवायचा आणि दुसऱ्याचं डोकं हातात घ्यायचं, ही त्यांची पद्धत. बाकावर तिघं वाट बघत असोत, दारात कोणी उभं राहिलं की हे मान न वळवता म्हणणार, "बसा, दोन मिनिटं." माणूस बसतो. पेपर वाचून होतो, जाहिराती वाचून होतात, शेजाऱ्याचं दुखणं ऐकून होतं, आणि दोन मिनिटं काही संपत नाहीत. बरं, ते खोटं बोलतात असंही नाही हो! त्यांना अगदी मनापासून तसं वाटतं. म्हणून तर लोक चिडून गेले तरी पुढच्या महिन्यात परत येतात.

हात मात्र सोन्यासारखा. लहान पोरं रडत नाहीत त्यांच्याकडे. म्हाताऱ्यांच्या हनुवटीच्या वळ्यांमधूनही त्यांचा वस्तरा अलगद फिरतो. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, पण अख्ख्या वस्तीची डोकी या माणसाच्या भरवशावर. फक्त एक डोकं सोडून, आणि ते नेमकं घरातलं.

त्याचं असं झालं की लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. काकूंचे केस तेव्हा कमरेपर्यंत. सकाळी निघायच्या गडबडीत त्या म्हणाल्या, "अहो, टोकं जरा सारखी करून द्या." नव्या नवऱ्याला हुरूप आला. "बस, दोन मिनिटं," म्हणाला आणि कात्री काढली. डावीकडून कापलं तर उजवी बाजू लांब वाटायला लागली. उजवी कापली तर डावी लोंबायला लागली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, सासरेबुवांचे फोनवर फोन, आणि हे आपले डावं-उजवं, डावं-उजवं. रिक्षा सुटली तेव्हा केस खांद्यावर होते, आणि तेही एका खांद्याच्या जरा वरच. त्या लग्नाचा फोटो अजून घरात लावलेला आहे. सगळे हसताहेत, काकू सोडून.

काकूंनी त्या दिवशी परतीच्या वाटेत निकाल दिला. "यापुढे माझ्या कुठल्याही गोष्टीला तुमची कात्री लागता कामा नये. सांगून ठेवते." आणि काकू सांगून ठेवतात ते ठेवतातच. केस पुन्हा कमरेपर्यंत आले, काळ्याचे पांढरे झाले, लेक मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, पण टोकं कापायची झाली की काकू शेजारच्या वहिनींकडे जातात. वहिनींना सरळ रेघ मारता येत नाही, तरी वहिनींकडे. दोनमिनिटे यावर कधी काही बोलले नाहीत. पण वहिनींच्या दारातून बायको वेडीवाकडी वेणी मिरवत आली की त्यांना वाईट वाटायचं. मनापासून वाईट वाटायचं, आणि ते सांगायचं कोणाला?

आता वेलीकडे येऊ. त्याच बहिणीने काकूंना मनीप्लांटची एक वीतभर काडी दिली होती. घराच्या खिडक्या अंधाऱ्या, म्हणून काकूंनी ती दुकानात आणून डब्यात लावली आणि बजावलं, "ही माझी आहे. लक्षात आहे ना?" दोनमिनिट्यांच्या लक्षात होतं. मनीप्लांट म्हणजे तशी बिनतक्रार जात. उजेड जरा कमी असला तरी चालतो, पाणी द्यायचं विसरलं तरी रुसत नाही. ती वाढायला लागली. कोणीही शहाणा माणूस शेंडा खुडतो, खाली फुटवे येतात, कुंडी भरते. पण इथे कात्री लावायची बंदी! मग दोनमिनिट्यांनी भिंतीत खिळे ठोकले, सुतळी ताणली आणि वेल पुढे सोडली. आरशांवरून गेली, घड्याळाला वळसा घालून गेली, दारावरून पलीकडच्या भिंतीवर उतरली, पंख्याच्या बटणांना चुकवून पुन्हा पहिल्या भिंतीला आली. दुकानाला पुरती फेरी मारून तिचा शेंडा दुसऱ्या खुर्चीच्या वर लोंबत होता. खुर्चीवरच्या नव्या गिऱ्हाइकाला मानेवर गुदगुल्या झाल्या की ते दचकायचं, आणि बाकावरचे जुने लोक फिदीफिदी हसायचे.

डब्यापाशी मात्र वेलीला टक्कल पडलं होतं. नुसती उघडी दोरी, पानं सगळी पुढे. "मालकावर गेली," असं बाकावरचे पेन्शनर म्हणायचे. हे पेन्शनर म्हणजे एकच गृहस्थ, रोज सकाळी येतात, पेपर वाचतात, दुपारी जातात. कापण्यासारखं त्यांच्या डोक्यावर काही नाही. दुकानाचा बाक त्यांच्यामुळे गरम राहतो एवढंच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लेकीचा पाय मोडला. जिन्यावरून घसरली. प्लास्टर निघेपर्यंत काकूंना तिकडे जाणं भाग होतं. निघताना त्यांनी नवऱ्याला दुकानात उभं करून धडा दिला. "माती वरून सुकली, की मगच पाणी. पानं ओल्या फडक्याने पुसायची. बाकी काही शहाणपणा करायचा नाही."

"छे छे, शहाणपणा कसला?" दोनमिनिटे म्हणाले.

"तोच तुम्ही करता तो," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

पहिला आठवडा माणूस शहाण्यासारखा वागला. ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढून एकेक पान पुसलं. पण वाळल्यावर पानं त्यांना कशीतरीच वाटली. निस्तेज. आणि निस्तेज काही दिसलं की या माणसाचा हात आपोआप एकाच बाटलीकडे जातो. त्यांनी तळहातावर केसांचं तेल घेतलं, दोन्ही हात चोळले आणि वेलीला मालिश केली. हो, मालिश! अंगठ्याने पानाच्या मधल्या शिरेपासून कडेपर्यंत, अगदी डोक्याला करतात तशी. फक्त दुसऱ्या खुर्चीवरचा शेंडा तेवढा राहिला, कारण खुर्चीवर साबण फासलेला माणूस बसला होता.

पानं अशी चकाकायला लागली म्हणता! बाकावरच्या लोकांनी वाहवा केली. दोनमिनिट्यांनी फोटो काढून काकूंना पाठवला, आणि काकूंचं उत्तर आलं, "छान दिसतेय. बरं लक्ष ठेवलंत." त्यांनी ते उत्तर पेन्शनरांना वाचून दाखवलं, दाढीच्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं, वीजबिल वाटणाऱ्यालाही वाचून दाखवलं. बायकोकडून शाबासकी मिळून किती वर्षं झाली होती कोण जाणे. मग काय, दर आठवड्याला तेल, आणि दर वेळी खुर्चीवर कोणीतरी असल्याने शेंडा तेवढा सुटायचा.

पण दुकान कसलं आहे, हे हा माणूस साफ विसरला. केस कापायच्या दुकानात केस उडतात. कात्रीने उडतात, मशीनने उडतात, पंखा लावला की सगळीकडे उडतात. एरवी ते खाली बसायचे आणि झाडले जायचे. आता ते तेलकट पानांवर जाऊन बसले आणि चिकटले. काळे, पांढरे, मेंदीचे लाल. आठवड्याभरात वेलीला लव आली, पंधरवड्यात दाट लोकर.

"अहो," पेन्शनर चष्मा पुसून वर बघत म्हणाले, "हिला दाढी आली की हो!"

"दोन मिनिटं," दोनमिनिटे म्हणाले, "काढतो." आणि त्यांनी दाढीचा ब्रश उचलला. साबणाचा फेस केला, पानापानाला लावला, ओल्या टॉवेलने पुसला. केस निघाले. तेल निघालं नाही. पानांवर साबणाचा पांढरा पापुद्रा तेवढा बसला. मग पानं मलूल झाली, तेव्हा यांना वाटलं, तहान लागली असणार. सकाळी पाणी, दुपारी पाणी, जाता जाता फवारणीच्या बाटलीतलं उरलेलं पाणी. माती सुकायची वाट बघायला सांगितलं होतं ना? पण माती सुकूच दिली नाही तर वाट बघायची कशी? पानं पिवळी पडायला लागली. रोज सकाळी दुकान उघडलं की दोन-चार पानं फरशीवर पडलेली असायची, आणि दोनमिनिटे ती केसांबरोबर झाडून टाकायचे, कोणी बघायच्या आत.

काकू रोज फोन करायच्या. "वेल कशी आहे?" हा पहिला प्रश्न, "तुम्ही कसे आहात?" हा दुसरा. आणि फोटो पाठवा म्हणायच्या. आता पाठवायचा काय, कपाळ? दोनमिनिट्यांनी पहिल्या मालिशीनंतरचा चकाकता फोटो पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"अहो," काकू फोनवर म्हणाल्या, "तिथलं घड्याळ बंद पडलंय का? रोज सव्वाअकराच वाजलेले दिसतात."

"हो ना, सेल संपलाय. टाकतो."

"आणि पेन्शनर भाऊजींनी शर्ट बदलला नाही वाटतं एवढ्यात?"

"त्यांचा तो... आवडता शर्ट आहे," दोनमिनिटे म्हणाले.

पलीकडून काकू एवढंच म्हणाल्या, "प्लास्टर निघालंय. मी परवा येतेय." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी दोनमिनिट्यांनी एका गिऱ्हाइकाचा एकच कल्ला कापून दुसरा तसाच सोडला. एक वेल मरते म्हणून नव्हे. त्यांना वाटत होतं, ती पुन्हा तेच म्हणणार, माझी एक गोष्ट तुमच्या हातात दिली आणि तिची वाट लावलीत. पहिल्या वेळी तीस वर्षं बोलणं टाळून काढली होती. या वेळी आयुष्यात तेवढी वर्षं उरली होती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरचा रोपवाटिकावाला दाढीला आला. हा माणूस महिन्यातून एकदा येतो आणि तोंडावर फेस असतानाही बोलायचा थांबत नाही. त्याने आरशातून वर बघितलं आणि फेसातूनच ओरडला, "काका, हे काय केलंत?"

दोनमिनिट्यांनी सांगितलं. तेल सांगितलं, साबण सांगितलं, पाणी सांगितलं. रोपवाटिकावाला ऐकता ऐकता खुर्चीतून उठला, अर्धी दाढी तशीच, आणि डब्यात बोट खुपसून नाकाशी नेलं. "मुळं कुजली. हिचा इथला कारभार आटोपला. पण वरती काही ठिकाणी देठ हिरवा आहे, आणि तो शेंडा तर ठणठणीत आहे. चांगले तुकडे कापा आणि पाण्यात ठेवा. प्रत्येक पेराला मूळ फुटेल."

"कापायची नाही ती," दोनमिनिटे म्हणाले.

"मग मरेल."

"दुसरा काही उपाय?"

"काका," रोपवाटिकावाला म्हणाला, "विरळ केसांची माणसं इथे बसली की तुम्ही काय सांगता त्यांना? कापत राहा, जोम धरतील. मला स्वतःला सांगितलंत. आणि बायकोच्या वेलीला तेवढं सांगवत नाही? नसेल होत तर आणा ती कात्री, मी कापतो."

हे मात्र दोनमिनिट्यांना झोंबलं. "माझ्या बायकोच्या वेलीला परका माणूस कात्री लावणार? बसा खाली! दाढी पुरी करतो तुमची, आणि नीट सांगा कुठून कापायचं."

त्याने सांगितलं. पानाच्या खाली देठाला गाठ असते, त्या गाठीच्या बोटभर खाली कापायचं. गाठ पाण्यात, पान बाहेर. तेलाने पिवळी पडलेली पानं काढून टाकायची. बास, एवढंच.

दुपारी दोनमिनिट्यांनी दाराला पाटी अडकवली. पेन्शनरांना बाहेर काढलं, आणि पेन्शनर एवढे चकित झाले की पेपर आतच विसरले. स्टुलावर चढून त्यांनी एकेका खिळ्यावरून वेल सोडवली आणि दोन्ही खुर्च्यांच्या हातांवर आडवी निजवली. खाली पांढरा कपडा अंथरला. मग सवयीने कंगवाही उचलला, आणि स्वतःलाच "मूर्खा" म्हणून खाली ठेवला. नवी कात्री काढली, पुसली, पुन्हा पुसली. पण ती वेलीला लावायला हात पुढे होईना. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला हात! त्यांनी स्टूल ओढलं, आणि मन घट्ट होईपर्यंत त्यावर बसून राहिले. कोणाला दोन मिनिटं सांगायची नव्हती. रिक्षा हॉर्न वाजवत नव्हती.

मग त्यांनी पहिला तुकडा कापला.

संध्याकाळी आरशापुढची फळी भरून गेली होती. तेलाच्या रिकाम्या बाटल्या, दाढीनंतर लावायच्या पाण्याच्या बाटल्या, पावडरचे बुटके डबे, सगळे गरम पाण्याने खळखळून धुतलेले, आणि प्रत्येकात एकेक हिरवा तुकडा. भिंतीवर नुसते खिळे आणि सुतळी. दुकान नव्याने हजामत केल्यासारखं दिसत होतं, आणि दोनमिनिट्यांना त्या भिंतीकडे बघवत नव्हतं.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी घरी न जाता थेट दुकानातच आल्या, पिशवी हातात. खुर्चीवर गिऱ्हाईक नव्हतं, बाकावर पेन्शनर होते. शर्ट वेगळा होता. काकूंनी आधी शर्ट बघितला, मग भिंत बघितली. एक खिळा, दुसरा खिळा, अशी त्यांच्या नजरेने सगळी फेरी पुरी केली. पेन्शनरांनी पेपर तोंडावर धरला.

"कोणी कापली?"

"मी," दोनमिनिटे म्हणाले. "मरत होती. माझ्यामुळेच. तेल लावलं मी तिला. आणि तुला जुने फोटो पाठवले. तू चिडू नकोस असं मी म्हणत नाही, चीड हवी तेवढी."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. फळीपाशी जाऊन पहिली बाटली उचलली, उजेडात धरली. दुसरी उचलली. तिसरी. एकीतल्या तुकड्याला गाठीपाशी बारीक पांढरं काहीतरी आधीपासूनच फुटलेलं होतं. शेंड्याचा तुकडा होता तो.

"सगळे सारखे कापलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"एक पण वेडावाकडा नाही."

"नाही."

"मग तेव्हाच कुठे गेला होता हा हात?"

दोनमिनिट्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तेव्हा मला तुझ्यापुढे शायनिंग मारायची होती," ते म्हणाले. "दोन मिनिटांत. काल अख्खी दुपार बसलो. भीती वाटत होती, म्हणून हळूहळू कापलं."

काकू हसल्या. आधी जरा नाकातून, मग पिशवीला धरून. "वेलीला तेल!" त्या म्हणाल्या. "देवा रे! आणि चिकटले असतील ना सगळे केस?"

"दाढी आली होती हो वहिनी," पेन्शनर पेपरामागून म्हणाले. त्यांना राहवेना.

"भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसा," काकू म्हणाल्या.

पेन्शनर सलग दुसऱ्या दिवशी बाहेर गेले. काकूंनी बाटली जागेवर ठेवली, दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि अंबाड्याचे आकडे एकेक करून काढून फळीवर ठेवले. केस खुर्चीच्या पाठीवरून खाली आले. टोकाला वहिनींनी मारलेली रेघ होती, उतरत्या पायऱ्यांसारखी.

"दोन बोटं," काकू आरशात बघत म्हणाल्या. "एक केस जास्त नाही."

दोनमिनिट्यांचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरलेल्या माणसाने कात्री हातात घेऊ नये एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, कात्री पुसली. पांढरा कपडा झटकून बायकोच्या खांद्याभोवती घातला आणि मानेमागे हलक्या हाताने गाठ मारली.

दाराशी कोणीतरी आलं. काचेतून डोकावून गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, किती वेळ?"

दोनमिनिट्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "उद्या या," ते म्हणाले. "आज संध्याकाळ होईल."